डायनासोरची नळी कापल्यावर काय दिसतं?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला. डायनासोरच्या हाडात रक्तवाहिन्या सापडल्या, त्या चक्क ताणल्या जातात, तेव्हा हे प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नव्हेतच, असा एकंदर सूर. खाली हात जोडल्याच्या चार खुणा. माझा भाचा नववीत आहे. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "आत्या, तू तर जन्मभर हाडंच कापलीस. हे खरं आहे का?"

हाडं कापली म्हणजे बडोद्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीसेक वर्षं बायोप्सीच्या तुकड्यांच्या स्लाइड करत होते. त्यात हाडाचे तुकडेही येत. डायनासोर अर्थातच कधी आला नाही. पण इथून गाडीने दोन-अडीच तासांवर, बालासिनोरजवळ रैयोलीला, त्यांची हाडं आणि अंडी जमिनीतून वर आलेली आहेत. राजासॉरस हे नाव मिळालेला मांसाहारी डायनासोर तिथलाच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी ती हाडं गोळा केली, नाव पडलं २००३ मध्ये. त्यामुळे बडोदेकराला हा विषय अगदीच परका नाही.

भाच्याला मी म्हटलं, रक्तवाहिन्यांसारखं काहीतरी सापडलं हे खरं. त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा. का, ते सांगायला मटणाच्या नळीपासून सुरुवात करावी लागेल.

कुडाची भिंत आणि व्हिनेगरमधलं हाड

नळीचा आडवा काप डोळ्यांपुढे आणा. बाहेर घट्ट पांढरं कडं, मध्ये मगज. आपण मगज चोखतो आणि कडं ताटाच्या कडेला ठेवतो. या लेखाचा सगळा विषय ते कडं आहे.

हाडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक कोलॅजेन, म्हणजे प्रथिनाचे चिवट धागे. दुसरी अ‍ॅपेटाइट नावाचं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज. वजनाने पाहिलं तर जवळजवळ दोन तृतीयांश हाड तेच. कुडाची भिंत पाहिली असेल तर कल्पना येईल: आत कारव्यांचा ताटवा, वर मातीचा गिलावा. नुसता ताटवा वाकतो, नुसती माती ढासळते. दोन्ही मिळून भिंत उभी राहते. कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये घालून ठेवा आणि व्हिनेगर दोनतीनदा बदला. चारपाच दिवसांत खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. तेच हाड विस्तवात टाका. धागे जळून जातात, आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबलं की भुगा होतो.

मात्र ही भिंत जिवंत असते. तिच्यातून रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या जातात, आणि खनिजातच चिणलेल्या हाडपेशी आपापल्या खोल्यांत बसलेल्या असतात. खोली एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, तिला चहूबाजूंनी केसाहून बारीक गल्ल्या. या रचनेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याच्या शास्त्राला अस्थिऊतिशास्त्र म्हणतात. शब्द जड आहे, मी पुढे नुसतं 'काप वाचणं' म्हणेन.

'दगड झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

रावपुऱ्यात, मांडवीकडे अजून काही जुने वाडे आहेत. अशा एखाद्या वाड्याची शंभर वर्षं डागडुजी होत राहते. सागाचा खांब कुजला, लोखंडी आला. चुना गेला, सिमेंट आलं. कौलं गेली, पत्रे आले. शेवटी मूळ मालमसाला फारसा उरत नाही. पण देवघर तिथेच असतं, माजघर तिथेच, आणि जिन्याची पायरी ज्याला त्याला तिथेच अडखळवते.

गाळात पुरलेल्या हाडाचं असंच होतं. मांस जातं, कोलॅजेन बहुतांश कुजतं किंवा विघटित होतं. रक्तवाहिन्यांच्या पोकळ नळ्यांत भूजलातून आलेलं कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाची संयुगं साचतात. मूळ खनिज बहुधा पूर्ण जात नाही, पण त्याचे कण नव्याने जुळतात, मोठे होतात, पाण्यातलं फ्लोरीन शोषून घेतात. युरेनियमसुद्धा. अमेरिकेतल्या काही डायनासोरांची हाडं तर किरणोत्सर्गी म्हणावीत इतकं.

आकार टिकतो, माल बदलतो. या लेखातून एवढं एकच लक्षात राहिलं तरी मला चालेल, कारण पुढचे सगळे वाद इथूनच फुटतात. जिथे आकारावरून निष्कर्ष काढला आहे तिथे शास्त्रज्ञ बऱ्यापैकी ठाम असतात. जिथे मालावरून काढला आहे तिथे त्यांचीच आपापसांत जुंपलेली असते.

काप कसा करतात

आमच्या लॅबमध्ये हाड आधी आम्लात किंवा ईडीटीए या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात मऊ करत, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवून मायक्रोटोम या कापायच्या यंत्राने एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी पापुद्र्यासारखी चकती काढत. दगड झालेल्या हाडाला मायक्रोटोम लावलं तर पातं जाईल. तिथे हाड पारदर्शक रेझिनमध्ये बुडवून घट्ट करतात, हिऱ्याची धार असलेल्या चक्रीने कापतात, चकती काचेला चिकटवतात आणि कार्बोरंडमच्या पुडीवर घासत बसतात. घासत घासत ती केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहून पातळ झाली की उजेड आरपार जातो. किती घासायचं याला मोजमाप आहे, पण हातही लागतो. शेवटचे दोन फेरे जास्त झाले की चकती काचेवरून नाहीशी होते आणि मागे नुसती काच राहते. ते दुःख मला परिचयाचं आहे.

मग ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड, त्यातून सोडतात. मूळ धागे ज्या दिशेने होते त्याच दिशेने खनिजाचे कण रचलेले असतात. धागे गेले तरी कणांची रांग मोडत नाही, आणि या उजेडात ती रांग चमकून उठते.

हे तंत्र नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच इंग्लंडमध्ये जीवाश्म हाडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जात होते. त्याला खरं शास्त्राचं रूप आलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्सच्या आर्मां द रिक्ले यांच्यामुळे. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या अनुसुया चिनसामी-तुरान यांनी ते खूप वाढवलं. आपल्याकडे आयआयटी खरगपूरच्या संघमित्रा रे यांनी डायनासोरांच्याही आधीच्या काही प्राण्यांची हाडं याच पद्धतीने वाचली आहेत.

विश्वामित्रीची मगर आणि परसातली कोंबडी

आता काप वाचू. डायनासोरांचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे नातेवाईक दोन: एका बाजूला मगरी, दुसऱ्या बाजूला पक्षी. (पक्षी तर डायनासोरांचीच एक शाखा.) बडोद्याला दोन्ही नमुने घरच्या अंगणात आहेत. विश्वामित्रीत भर शहरात मगरी राहतात, आणि पुराच्या वेळी कधी कधी सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येतात.

मगर सावकाश वाढते. तिचं हाड निवांतपणे, थरावर थर देत तयार होतं. धागे शिस्तीत समांतर, रक्ताच्या नळ्या कमी. कोंबडीच्या पिलाचं तसं नाही, त्याला काही महिन्यांत मोठं व्हायचं असतं. तिथे लगीनघाई. आधी वेड्यावाकड्या धाग्यांची जाळी भराभर उभी करायची, मोठमोठ्या पोकळ्या सोडायच्या, आणि मग त्या पोकळ्यांच्या आत रक्तवाहिनीभोवती सावकाश अस्तर देत बसायचं. मांडव आधी, शोभा मागून. अशा घाईच्या हाडात रक्ताच्या नळ्या गच्च भरलेल्या दिसतात.

डायनासोरांचे काप पाहिले तर वाढीच्या वयातलं बहुतेक हाड या दुसऱ्या, घाईच्या जातीचं निघतं. मोठा सरडा म्हणून एके काळी जी कल्पना होती तिला इथे जोराचा धक्का बसला.

दुसरी खूण म्हणजे रेषा. विश्वामित्रीचा पूर ओसरला की भिंतीवर पाण्याची रेघ राहते, आणि रंगकाम केलं नसेल तर जुने लोक सांगतात की ही अमक्या सालची, ही तमक्या सालची. हाडातही वाढ वर्षातून एकदा, कठीण हंगामात, थांबली की बारीक रेघ उमटते. रेघा मोजल्या की वय, आणि दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षीची वाढ. २००४ मध्ये ग्रेगरी एरिकसन आणि सहकाऱ्यांनी टायरॅनोसॉरस रेक्सच्या हाडांतल्या अशा रेघा मोजल्या. त्यांच्या हिशेबाने साधारण १४ ते १८ वर्षांच्या दरम्यान हा प्राणी दिवसाला दोन किलोंच्या आसपास वजन कमावत होता. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली 'स्यू' नावाची प्रसिद्ध टी-रेक्स त्यांच्या मोजणीत २८ वर्षांची ठरली.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हाड बाहेरून वाढतं तसं आतून कोरलंही जातं, कारण मगजाची पोकळी मोठी होत जाते. म्हणजे रोजनिशीची सुरुवातीची पानं फाटलेली. शिवाय म्हातारपणी जुनं हाड काढून त्या जागी नवं भरण्याचं काम सतत चालतं. रस्त्यावरच्या ठिगळांवर ठिगळं पडावीत तशी गोल ठिगळं एकमेकांवर चढतात आणि खालच्या रेघा पुसल्या जातात. गेलेली पानं किती होती याचा अंदाज लहान वयाच्या हाडांशी ताडून बांधावा लागतो. म्हणून एकाच प्राण्याचं वय दोन गटांनी वेगळं सांगितलं तर बिचकू नये.

ही ठिगळं उपयोगीही पडतात. रुमानियात मॅग्यारोसॉरस नावाचा जेमतेम ६ मीटरचा डायनासोर सापडला. तो टायटॅनोसॉर कुळातला, आणि हे कुळ महाकाय प्राण्यांचं. बालासिनोरच्या परिसरातली लांब मानेची शाकाहारी मंडळी याच कुळातली. मग ही पिलं की खुजी जात? २०१० मध्ये काप वाचले तेव्हा छोट्या हाडांतही ठिगळांवर ठिगळं निघाली. म्हणजे वय झालेले, पूर्ण वाढलेले प्राणी. त्या काळी तो भाग बेट होता, आणि बेटावर मोठे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या खुजे होतात असं फ्रांझ नोप्चा या संशोधकाने शंभर वर्षांपूर्वी म्हणून ठेवलं होतं. त्याच्या बाजूने हाडांनी साक्ष दिली.

याच धर्तीचा एक वाद अलीकडे गाजला. अमेरिकेत सापडलेले काही छोटे टायरॅनोसॉर टी-रेक्सची पिलं की 'नॅनोटायरॅनस' ही वेगळी जात? २०२० मध्ये अशा दोन प्राण्यांचे काप वाचून सांगितलं गेलं की यांची वाढ अजून चालू होती, म्हणजे ही टी-रेक्सची पोरं. ऑक्टोबर २०२५ मध्ये लिंडसे झॅनो आणि जेम्स नापोली यांनी दुसरा एक सांगाडा पुढे आणला: वय सुमारे २० वर्षं, वाढ संपत आलेली, तरी आकार लहानच. म्हणजे वेगळी जात. मला यात गंमत वाटते ती अशी, की काप दोन्ही वेळा खरंच बोलला होता. तो वय सांगतो, आडनाव सांगत नाही. पहिल्या वेळी 'पोर आहे' एवढंच तो म्हणाला. कुणाचं पोर, ते माणसांनी जोडलं.

रेघा आहेत, म्हणजे थंड रक्ताचे?

हा आक्षेप बरीच वर्षं घेतला जात होता. मगरीच्या हाडात रेघा असतात, डायनासोरांच्याही हाडात असतात, मग तेही मगरीसारखेच वातावरणाच्या तापमानावर जगणारे असतील. युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण २०१२ मध्ये माइके कोहलर आणि सहकाऱ्यांनी हरणं, गवे, काळविटं अशा रवंथ करणाऱ्या प्राण्यांची हाडं मोठ्या संख्येने तपासली. हे सगळे उष्ण रक्ताचे, आणि त्यांच्यातही दरवर्षीची रेघ हजर. रेघ सांगते की वर्षातला एक काळ टंचाईचा होता. रक्त थंड की गरम, हे तिला विचारू नये.

उलट बाजूनेही सांगायला हवं: भरपूर खायला घालून वाढवलेल्या अ‍ॅलिगेटरमध्येही घाईचं हाड दिसलेलं आहे. एका खुणेवर खटला उभा राहत नाही.

आजारपण आणि बाळंतपण

माझ्या धंद्याला सर्वांत जवळचा भाग हा. कॅनडातल्या अल्बर्टात सेंट्रोसॉरस या शिंगवाल्या डायनासोरचं पायाचं एक वाकडंतिकडं हाड होतं. मोडून जुळलेलं असावं असं समजून ते ठेवून दिलेलं. मग पॅथॉलॉजिस्ट, हाडांचे सर्जन, रेडिओलॉजिस्ट असे माणसांचे डॉक्टर जीवाश्मतज्ज्ञांबरोबर बसले, सीटी स्कॅन केला, काप काढले, आणि तोच आजार झालेल्या माणसाच्या हाडाशेजारी ठेवून पाहिले. निदान: ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कर्करोग, आणि तोही पुढे गेलेला. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. तरुण मुलांच्या गुडघ्याजवळच्या तुकड्यात हा आजार दिसला की आमच्या लॅबमध्ये सगळे गप्प होत. साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा तोच गोंधळलेला विणीचा काप फोटोत पाहिला तेव्हा मीही क्षणभर गप्प झाले.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते तेवढ्या घाईत खाण्यातून मिळत नाही, म्हणून अंड्यांच्या दिवसांत ती पायाच्या नळीच्या आतल्या भिंतीवर तात्पुरतं, भुसभुशीत हाड साठवते आणि लागेल तसं काढते. साठ्याची कोठीच म्हणा. २००५ मध्ये मेरी श्वाइट्झर यांना मोंटानातल्या एका टी-रेक्सच्या नळीत असंच अस्तर दिसलं. म्हणजे मादी, आणि अंडी घालायच्या बेतात. काही आजारांतही असं अस्तर येऊ शकतं, असा आक्षेप आला. तेव्हा २०१६ मध्ये त्यांनी त्या अस्तरात केराटन सल्फेट या रसायनाच्या खुणा शोधल्या, जे पक्ष्यांच्या या कोठीत असतं आणि साध्या हाडात नसतं. आकार आणि माल दोघांनी एकच साक्ष दिली की माझ्यासारखीचं समाधान होतं.

आता त्या ताणल्या जाणाऱ्या रक्तवाहिन्या

त्याच टी-रेक्सचा तुकडा श्वाइट्झर यांच्या गटाने ईडीटीएमध्ये ठेवला. ईडीटीए तुमच्या परिचयाचं आहे. सीबीसीसाठी रक्त घेतात ती जांभळ्या टोपणाची नळी आठवा. ते कॅल्शियमला पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, आणि हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं म्हणून हाड मऊ होतं. दगडी हाडाचं खनिज असं काढलं तर मागे काहीच उरू नये. उरलं. फांद्या फुटलेल्या, पारदर्शक, लवचीक नळ्या, आणि हाडपेशींसारखे चांदणीच्या आकाराचे ठिपके. २००७ मध्ये त्याच हाडातून कोलॅजेनचे तुकडे मिळाल्याचंही जाहीर झालं.

जगभर खळबळ उडाली, आणि लगेच शंकाही आल्या. २००८ मध्ये थॉमस के यांच्या गटाने म्हटलं की या नळ्या म्हणजे जिवाणूंनी पोकळ्यांत धरलेली साय आहे: कडेची जागा डायनासोरची, साय आजची. मोरीच्या पाइपात बुळबुळीत थर धरतो, त्याला पाइपाचाच आकार येतो, तसं. २०१९ मध्ये आणखी एका गटाला डायनासोरच्या हाडात आजचे जिवंत जिवाणू मोठ्या संख्येने नांदताना आढळले. दुसऱ्या बाजूने २००९ मध्ये ब्रॅकिलोफोसॉरस या दुसऱ्या डायनासोरवर, जास्त काळजी घेऊन, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासणी झाली आणि कोलॅजेन पुन्हा मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या गटाने एडमोंटोसॉरसच्या हाडात हायड्रॉक्सिप्रोलिन सापडल्याचं सांगितलं. हा प्रथिनाचा घटक मुख्यतः कोलॅजेनमध्ये असतो, आणि जिवाणूंच्या सायीत तो मिळायची अपेक्षा नसते. त्यामुळे हा पुरावा वजनदार आहे.

पण इतकी वर्षं टिकलं कसं? इथे माझ्या कपाटातली बाटली कामाला येते: फॉर्मालिन. ऊतीचा तुकडा त्यात टाकला की प्रथिनांचे धागे एकमेकांना गाठी मारून घेतात आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना ते सुटत नाहीत. श्वाइट्झर यांच्या मते रक्तातलं लोह मृत्यूनंतर मोकळं होऊन असंच काम करतं. त्यांनी शहामृगाच्या रक्तवाहिन्या हिमोग्लोबिनच्या द्रावणात भिजवून ठेवल्या. साध्या पाण्यातल्या काही दिवसांत नासल्या, या मात्र खोलीच्या तापमानाला दोन वर्षं टिकल्या. दोन वर्षं म्हणजे साडेसहा कोटी नव्हेत, हे उघड आहे. आणखी एक मत असं की प्रथिनं हळूहळू करपून, भाकरीच्या डागासारखी तपकिरी, अपचनीय अशी वेगळीच रसायनं होतात. नळी दिसते तिथेच दिसते, पण ती मूळ प्रथिनाची राहत नाही. मला हे पटतं, कारण त्यात आकारही टिकतो आणि मालही बदलतो. मात्र ज्या मोजणीवर हे मत उभं आहे तिच्यावरही आक्षेप आहेत.

मग हाडं ताजीच असतील, असं का नाही?

कारण वय हाडाच्या मऊपणावरून काढलेलं नाही. ते खडकावरून काढलेलं आहे. आपला पावागड डोळ्यांपुढे आहेच. तो ज्या ज्वालामुखींच्या उद्रेकांचा भाग, त्याच दख्खनच्या लाव्हांखाली बालासिनोरकडचे हाडांचे थर येतात. लाव्हांच्या थरांबरोबर मिळणाऱ्या झिरकॉन या खनिजात युरेनियम असतं आणि ते ठरलेल्या गतीने शिशात बदलतं. एका प्रकारच्या युरेनियमचा निम्मा साठा बदलायला ४४७ कोटी वर्षं लागतात. शिसं किती जमलं हे मोजलं की खडकाचं वय कळतं, आणि दख्खनचं ते ६.६ कोटी वर्षांच्या आसपास येतं. मऊ नळी सापडली तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की प्रथिनं किती टिकतात याचा आपला अंदाज चुकला. घड्याळ बरोबर आहे. बरणीतलं लोणचं अपेक्षेपेक्षा जास्त टिकलं.

"पण डायनासोरच्या हाडात कार्बन-१४ सापडतो ना?" हाही फॉरवर्डमधला प्रश्न. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. साधारण ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगा उरत नाही. हाडात तो मिळाला तर आधी विचारायचं, कुणाचा? वर सांगितलेल्या २००८ च्या अभ्यासात त्या सायीचा कार्बन मोजला होता, आणि तो अगदी अलीकडचा निघाला. पाइपाचं वय सायीला विचारून कळत नाही.

डीएनएचं काय, असंही भाच्याने विचारलंच. सिनेमे त्यानेही पाहिलेत. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ मध्ये काढलेला हिशेब असा, की त्या परिस्थितीत डीएनएच्या दुव्यांपैकी निम्मे सुमारे ५२१ वर्षांत तुटतात. थंडीत जास्त टिकतं. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांचा. डायनासोर त्याच्या तीसपटीहून दूर. कोलॅजेन म्हणजे सुंभ, डीएनए म्हणजे लोकरीचा धागा.

तापमापक दातात

मालावरूनही कधी कधी भरवशाचं काही सांगता येतं, फक्त जागा नीट निवडावी लागते. दाताचं एनॅमल हाडापेक्षा कितीतरी घट्ट, त्यात भूजल सहज शिरत नाही. त्यात कार्बन आणि ऑक्सिजनचे जड प्रकार थोडे असतात. ते किती प्रमाणात एकमेकांना चिकटून बसलेत हे तापमानावर ठरतं: गारठ्यात माणसं शेकोटीभोवती दाटीने बसतात, उकाड्यात पांगतात, तसं. २०११ मध्ये रॉबर्ट ईगल आणि सहकाऱ्यांनी लांब मानेच्या महाकाय डायनासोरांच्या दातांत हे मोजलं. शरीराचं तापमान आलं ३६ ते ३८ अंश सेल्सिअस. आपल्याइतकंच. मात्र एवढ्या मोठ्या धुडाची उष्णता बाहेर पडायलाच वेळ लागतो, त्यामुळे 'आपल्यासारखं तापमान' म्हणजे 'आपल्यासारखी भट्टी' असं लगेच म्हणता येत नाही.

इतकं मोलाचं हाड कापायचं?

भाच्याच्या आईला हे अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, कमाटीबागेच्या म्युझियममध्ये देवमाशाचा एवढा सांगाडा आहे, त्याची बरगडी कुणी कापू देईल का? प्रश्न रास्त आहे. म्हणून कापण्याआधी हाडाचे फोटो, मोजमापं, साचा, जमल्यास स्कॅन करून ठेवतात. बहुतेक वेळा अख्खं हाड न कापता मधल्या भागातून बोटभर जाडीचा दंडगोल काढतात आणि खड्डा भरून घेतात. शक्य असेल तिथे आधीच तुटलेला नमुना घेतात. प्रचंड ताकदीच्या क्ष-किरणांनी न कापता आत पाहण्याची सोयही आता झाली आहे. पण ती यंत्रं जगात मोजकी, आणि मोठ्या मांडीच्या हाडाला अजून चक्रीच लागते. स्लाइड मात्र शंभर वर्षांनीही पुन्हा पाहता येते. बायोप्सीचंही तसंच: तुकडा घेताना दुखतं, पण निदान त्याशिवाय होत नाही. वहिनीला हे निम्मं पटलं असावं.

दिवाळीनंतर आम्ही रैयोलीला जाणार आहोत. तिथे दगडातच अडकलेली हाडं जागेवर दिसतात. भाच्याला मी माझं जुनं दहापट भिंग देणार आहे आणि एकच काम सांगणार आहे: अख्ख्या हाडाकडे नंतर बघ, आधी तुटलेली कड शोध. बाहेरचं कडं घट्ट, मग जाळीची भोकं, आणि भोकांत मागाहून भरलेलं खनिज. हात लावायचा नाही, खिशात घालायचं तर नाहीच. व्हिनेगरच्या बाटलीतलं कोंबडीचं हाड मात्र त्याने परवा बाहेर काढलं. त्याची गाठ मारता येते का, ते तो अजून बघतोय.